जुन्या कॅमेऱ्याच्या धातूच्या अंगाचे रंगकाम : घरच्या घरी करता येणारा एक जोडधंदा

नाशिकरोड, देवळाली कॅम्प आणि आसपासच्या वस्त्यांत गाड्यांना रंग मारणारे, पत्रा ठोकणारे, भांड्यांना पॉलिश व कल्हई करणारे आपले बरेच कारागीर बंधू आहेत. नाशिक शहर तर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून ओळखले जाते. हाताला धातूची आणि रंगाची सवय आहे, पण कामाचा ओघ बारमाही नाही, अशी या मंडळींची तक्रार असते. अशा कारागिरांना घरातल्या एका टेबलावर, फारसे भांडवल न घालता करता येईल अशा एका कामाची माहिती आम्ही या लेखात देत आहोत. ते काम म्हणजे जुन्या कॅमेऱ्याचे झिजलेले, रंग उडालेले धातूचे अंग पुन्हा नीट करणे.

काम आहे का?

डिजिटल कॅमेरा आणि मोबाईल आल्यावर रोलचे कॅमेरे कपाटात गेले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकसारख्या कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनीही बंद पडली. पण कपाटात गेलेली प्रत्येक वस्तू भंगारात जात नाही. वडिलांचा यशिका, आजोबांचा आग्फा, स्टुडिओतला रोलीफ्लेक्स किंवा रशियन झेनिट घरात जपून ठेवणारे लोक आहेत. तरुणांमध्ये रोलवर फोटो काढण्याची आवड पुन्हा आली आहे. सन २०२४ मध्ये पेंटॅक्स कंपनीने रोलचा नवा कॅमेरा बाजारात आणला, यावरून हे दिसते. संग्राहकही आहेत. मुंबईचे छायाचित्रकार दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनीज बुकात झाली होती.

कॅमेऱ्याचे आतले यंत्र दुरुस्त करणे हे वेगळे शास्त्र आहे. ते वर्षानुवर्षे शिकावे लागते. बाहेरच्या अंगाचे काम मात्र रंगकाम जाणणाऱ्या कारागिराला थोड्या सरावाने जमते. कोणत्या कामाला हात घालायचा आणि कोणत्या नाही, हे आधी समजले पाहिजे.

पहिला धडा : धातू ओळखणे

जुन्या कॅमेऱ्याचे वरचे झाकण आणि तळपट्टी बहुधा पितळेची असते. त्यावर निकेल व क्रोमचा मुलामा किंवा काळा रंग असतो. आतला मुख्य सांगाडा ॲल्युमिनियमचा ओतीव असतो. स्वस्त कॅमेऱ्यांत लोखंडी पत्रा किंवा जस्ताचे ओतीव कामही सापडते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. चुंबक चिकटला तर लोखंड. काळा रंग उडालेल्या कोपऱ्यातून पिवळे दिसले तर पितळ. पांढरट दिसले आणि भाग हाताला हलका लागला तर ॲल्युमिनियम, पांढरट पण जड लागला तर जस्ताचा भाग असण्याची शक्यता. शंका असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, सुईने बारीक ओरखडा काढून पाहावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सन १९७० नंतरच्या दशकात अनेक कॅमेऱ्यांची झाकणे प्लॅस्टिकची झाली. सन १९७६ मध्ये आलेला कॅनन एई-१ हे त्याचे ठळक उदाहरण. त्याचे झाकण हुबेहूब धातूसारखे दिसते, पण ते प्लॅस्टिकवर चढवलेला मुलामा आहे. त्यावर रंग काढण्याचे रिमूव्हर लावले तर झाकण विरघळून वाया जाईल. नखाने टिचकी मारून आवाज ऐकावा आणि झाकणाची आतली बाजू पाहावी. खात्री झाल्याशिवाय कोणतेही रसायन लावू नये.

दुसरा धडा : रंगवू नये असे कॅमेरे

गाडीच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणते, “नव्यासारखी करून द्या.” कॅमेऱ्याच्या धंद्यात असे म्हणणाऱ्याला आधी दोन गोष्टी सांगणे आपले कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट, दुर्मीळ कॅमेऱ्याचा मूळ रंग हीच त्याची किंमत असते. लायका किंवा निकॉनच्या काळ्या कॅमेऱ्यावर कोपऱ्याकोपऱ्यांतून पिवळे पितळ दिसू लागते. ती झीज संग्राहकांना आवडते, कारण ती खऱ्या वापराची खूण आहे. असा कॅमेरा नव्याने रंगवला तर तो सुंदर दिसेल, पण त्याची किंमत निम्म्यावरही येऊ शकते. दुसरी गोष्ट, वडिलांच्या बोटांनी झिजलेली जागा काही घरांना तशीच हवी असते. म्हणून आधी विचारावे. नुसती साफसफाई करून भागत असेल तर तेवढेच करावे आणि तेवढेच पैसे घ्यावेत.

रंगकामास योग्य कॅमेरे म्हणजे साधे, पुष्कळ संख्येने बनलेले, रंग पापुद्र्यांनी सुटलेले, गंजाने किंवा हिरव्या कळंकाने खाल्लेले, किंवा कोणीतरी आधीच घरगुती रंग फासून खराब केलेले. शिकण्यासाठी बंद पडलेला, यंत्र गेलेला कॅमेरा विकत घ्यावा. नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन चोरबाजार आणि फोर्टातील बोरा बाजार पाहून संध्याकाळी परत येता येते. निदान दोन-तीन निकामी अंगे रंगवून हात बसल्याशिवाय गिऱ्हाइकाची वस्तू हातात घेऊ नये.

तिसरा धडा : उघडणे

हत्यारे थोडीच लागतात. बारीक पेचकसांचा संच, चिमटा, दोन टोकांचा स्पॅनर, रबरी बूच, सुती हातमोजे आणि झाकणाच्या छोट्या डब्या. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीच्या पेचकसाला तंतोतंत बसत नाहीत. त्यांचा जपानी मापाचा पेचकस वेगळा मिळतो, तोच घ्यावा. नाहीतर स्क्रूचे डोके गोल होते आणि काम तिथेच अडते.

प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढावा. विशेषतः शटरच्या चकतीची खूण कोणत्या आकड्यावर होती आणि कोणती तार कुठे जोडली होती, हे फोटोत स्पष्ट यावे. रोल गुंडाळण्याची गुंडी काढताना आतल्या फाट्यात लाकडी काडी अडकवून धरावी आणि वरची गुंडी उलट फिरवावी. दाते नसलेल्या कड्या रबरी बुचाने दाबून फिरवल्या की ओरखडा न पडता सुटतात. काही स्क्रू उलट आट्यांचे असतात. म्हणून जोर लावण्याआधी थांबून विचार करावा.

झाकण निघाले की आतला काचेचा लोलक दिसतो. त्याच्या चांदीच्या थराला बोट लावू नये. उरलेले यंत्र स्वच्छ प्लॅस्टिकच्या डब्यात झाकून ठेवावे. वॉटर पेपरचा एक कणही त्यात गेला तर शटर अडकते.

अंगातच फ्लॅश असलेला कॅमेरा मात्र उघडू नये. त्याच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टपर्यंत वीज साठलेली असू शकते. सेल काढल्यानंतरही ती काही काळ राहते.

चौथा धडा : साफसफाई आणि जुना रंग काढणे

सुटे केलेले झाकण कोमट पाण्यात भांडी घासण्याचा साबण टाकून मऊ ब्रशने धुवावे. त्याआधी खिडक्यांच्या काचा आणि मीटरचे भाग काढलेले असावेत. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मे काम होते. मळ निघाल्यावर खालचा मुलामा चांगला निघाला तर रंगाचा विचार सोडून द्यावा.

पितळेवर हिरवा कळंक आला असेल तर तो आधी लाकडी काडीने खरवडून काढावा. भांडी उजळणाऱ्यांना चिंचेचे पाणी माहीत आहेच. तेही येथे चालते, पण फक्त सुट्या पितळी भागावर आणि थोडाच वेळ. नंतर भाग दोन-तीन पाण्यांनी धुऊन पूर्ण कोरडा करावा. आंबटाचा अंश राहिला तर तो नव्या रंगाखाली धातू खात राहतो आणि काही महिन्यांत फोड दिसू लागतात.

जुना काळा रंग काढण्यासाठी रिमूव्हर वापरायचे असेल तर ते अंगणात किंवा गच्चीवर, हातमोजे व चष्मा घालून वापरावे. बंद खोलीत त्याची वाफ जिवावर बेतू शकते. त्यानंतर ४०० नंबर आणि मग ६०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावूनच फिरवावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे कोरडे घासून धूळ उडवणे आपल्याला आणि घरातील मुलांना घातक आहे. कोरलेल्या अक्षरांवर पेपर घासू नये. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या की त्या पुन्हा आणता येत नाहीत. पोचा आला असेल तर तो आतून लाकडी ठोकळ्याने हलक्या हाताने काढावा आणि पुट्टी कमीत कमी वापरावी.

पाचवा धडा : प्रायमर, रंग आणि भट्टी

घासून झालेल्या पितळेला त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. उघड्या हाताच्या घामानेसुद्धा पितळेवर बोटांचे डाग उमटतात आणि तेथूनच रंग सुटतो. थिनरने पुसून, सुती हातमोजे घालून पुढचे काम करावे.

पितळ, ॲल्युमिनियम आणि क्रोम या गुळगुळीत धातूंवर साधा प्रायमर धरत नाही. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा, धातूला किंचित खाऊन पकड घेणारा वॉश प्रायमर वापरावा. क्रोमेट नसलेला मिळाला तर तोच घ्यावा. त्याचा एकच पातळ हात पुरे.

वर काळा इनॅमल एअर गनने किंवा स्प्रेच्या डब्याने मारावा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो, म्हणून कोपऱ्यांवर रंग नेहमी पातळ राहतो आणि तेथेच तो आधी झिजतो. प्रत्येक हाताआधी कोपऱ्यांवर हलका फवारा मारून घेतल्यास हा दोष टळतो. हार्डनर मिसळून मारायचा पीयू रंग मजबूत असतो, पण त्याचा फवारा फुफ्फुसांना अपायकारक आहे. योग्य मास्क आणि बूथ असेल तरच तो वापरावा. घरात वापरू नये.

हवामानाकडे लक्ष द्यावे. पावसाळ्यात दमट हवेत फवारलेला रंग, विशेषतः एन.सी. रंग, पांढुरका पडतो. नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी धातू गार असतो, म्हणून दुपारी काम करावे. उन्हाळ्यात धुळीसाठी जमिनीवर पाणी शिंपडून मग फवारा मारावा.

जुन्या कंपन्या रंग भट्टीत भाजून कडक करत. घरी हेच काम छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये होते. मात्र ज्यात अन्न शिजते तो ओव्हन यासाठी कधीही वापरू नये. रंग एक दिवस साध्या हवेत सुकू द्यावा, कारण ओल्या रंगातील थिनरची वाफ ओव्हनमध्ये पेट घेऊ शकते. नंतर तापमान हळूहळू ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन एक तास ठेवावे आणि ओव्हनमध्येच थंड होऊ द्यावे. रंगाच्या डब्यावर वेगळी सूचना असेल तर ती पाळावी. जस्ताचे ओतीव भाग तापवू नयेत. त्यांच्या आतली हवा फुगून पृष्ठभागावर फोड येतात.

रंग कुठे लागू नये

हा भाग नवशिक्याने पाठ करून ठेवावा. लेन्स बसते ती कडी, तिच्या मागची बैठक, फिल्म सरकते त्या पट्ट्या आणि फिल्म दाबणारी पाटी यांना रंगाचा थेंबही लागता कामा नये. लेन्सची बैठक आणि फिल्म यांतले अंतर ठरलेले असते. निकॉन एफमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, तर जुन्या आट्यांच्या लायकात २८.८ मिलिमीटर आहे. यातली चूक शतांश मिलिमीटरांत मोजावी लागते. रंगाच्या एका हाताची जाडीच दोन-तीन शतांश मिलिमीटर भरते. म्हणजे बैठकीवर रंग बसला तर कॅमेरा दिसायला नवा होईल, पण फोटो धूसर येतील. कडीखाली कागदासारख्या पातळ चकत्या निघाल्या तर त्या होत्या तशाच, तितक्याच परत बसवाव्यात. आतला काळा मॅट रंग प्रकाश शोषण्यासाठी असतो. तेथे चकचकीत रंग मारू नये.

सहावा धडा : अक्षरे आणि चामडे

रंग पूर्ण कडक झाल्यावर कोरलेल्या अक्षरांत पांढरा इनॅमल बारीक ब्रशने भरावा. तो थोडा आवळला की गुळगुळीत कार्ड कापडात गुंडाळून, कापडाला नावापुरते टर्पेंटाइन लावून, वरचा जादा रंग अक्षरांना आडवा पुसावा. कापड मऊ व सैल असेल तर ते अक्षराच्या खाचेतला रंगही ओढून काढते. लाल, निळे किंवा पिवळे आकडे मूळ फोटो पाहूनच भरावेत.

अंगावरचे चामडे किंवा रेक्झिन जुन्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा लाखेने चिकटवलेले असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून कडेने थोडे स्पिरिट सोडून, पातळ पट्टीने चामडे अखंड सोडवता येते. तुटलेच तर त्याचे तुकडे कागदावर जुळवून साचा काढावा आणि त्या मापाने नवे पातळ रेक्झिन कापावे. पर्स व चपलांचे काम करणाऱ्या बंधूंना हे काम सांगितले तर त्यांनाही रोजगार मिळेल.

मुलाम्याचे काम घरी करू नये

क्रोमचा मुलामा गेला असेल तर घरी क्रोम चढवण्याच्या किंवा ॲसिडने उतरवण्याच्या फंदात पडू नये. क्रोमच्या हौदातील रसायन कर्करोगास कारण ठरते आणि ते गटारात सोडणे हा गुन्हा आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत परवाना घेऊन मुलाम्याचे काम करणाऱ्याकडे सुटा भाग द्यावा. कॅमेऱ्याचा क्रोम आरशासारखा नसतो, तो मंद असतो. त्यासाठी धातूवर आधी बारीक काचमण्यांचा मारा करून मग निकेल आणि क्रोम चढवावा लागतो. हे प्लेटरला आधीच स्पष्ट सांगावे. बफ मारून चकाकी आणलेला कॅमेरा गिऱ्हाईक परत आणेल. बफ जोरात लागला तर अक्षरेही पुसली जातील.

हिशेब कसा मांडावा

आपले कारागीर साहित्याचे पैसे मोजतात आणि स्वतःच्या तासांचे मोजत नाहीत. म्हणून धंदा चालूनही घरात पैसा दिसत नाही. एक नमुना पाहा. आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत.

उघडणे दीड तास, साफसफाई व रंग काढणे दोन तास, घासणे व प्रायमर दीड तास, रंगाचे हात एक तास, अक्षरे एक तास, जुळवणी एक तास. एकूण आठ तास. तासाला १५० रुपये धरले तर मजुरी १,२०० रुपये. साहित्य ३०० रुपये. दोन्ही मिळून १,५०० रुपये. काम बिघडले तर पुन्हा करावे लागते, त्यासाठी दहा टक्के म्हणजे १५० रुपये. एकूण १,६५० रुपये. यापेक्षा कमी दर सांगितला तर आपण स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला पैसे देत आहोत, हे समजावे. रंग सुकण्याचे दिवस धरून किमान दहा दिवसांचा वायदा करावा आणि तो पाळावा.

कॅमेरा घेताना गिऱ्हाइकासमोरच शटर, काच, नंबर आणि पोचे तपासून दोन प्रतींत लिहून घ्यावे व सही घ्यावी. आतले यंत्र आधीपासून बंद होते की आपल्या हातून बंद पडले, हा वाद पुढे होत नाही.

रंगाने दोष झाकू नये

या धंद्यात फसवणुकीला मोठी जागा आहे, म्हणून हा मुद्दा शेवटी ठेवला आहे. सोव्हिएत संघातील फेड आणि झोर्की हे कॅमेरे जुन्या लायकाच्या धर्तीवर बनलेले होते. अनेकांनी त्यांचे मूळ नाव घासून, वर लायका कोरून, सोनेरी किंवा काळा रंग चढवून ते जगभर विकले. जाणकार लेन्स काढून आत पाहतो. लायकात अंतर मापणाऱ्या दांडीच्या टोकाला गोल चाक असते, फेड-झोर्कीत बहुधा पाचरीसारखा तुकडा असतो. अशा वेळी विकणारा आणि रंगवणारा दोघेही ओळखले जातात.

असे काम घेऊन कोणी आला, दुसरे नाव कोरून द्या किंवा नंबर बदला म्हणाला, तर पैसे कितीही मिळोत, नकार द्यावा. रंगवलेला कॅमेरा विकताना तो रंगवलेला आहे हे तोंडी आणि पावतीवर सांगावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतला भाग ओला निघाला, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला हवे होते, अशी विक्रेत्याला ताकीद दिली, ही हदीस आपल्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. कॅमेऱ्याचा नवा काळा रंग हे वरचे कोरडे धान्य आहे. खाली पुट्टी कुठे भरली, कळंक कुठे होता, कोणता भाग बदलला, हे गिऱ्हाइकाला कळलेच पाहिजे.

यासाठी एक साधी सवय लावून घ्यावी. प्रत्येक कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढावेत. झाकणाच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही असे, रंगकाम केल्याचा महिना व वर्ष बारीक अक्षरात लिहावे. उद्या तो कॅमेरा तिसऱ्या-चौथ्या हातात गेला आणि कोणी झाकण उघडले, तरी त्याला खरी माहिती मिळेल. हे फोटो आणि ही नोंद जपून ठेवल्यास नव्या गिऱ्हाइकाला दाखवायलाही उपयोगी पडतील.

पहिल्या सहा महिन्यांत या कामातून घर चालेल अशी अपेक्षा धरू नये. हातातला धंदा सांभाळून, महिन्याला एक-दोन कॅमेरे घेऊन सुरुवात करावी. स्टुडिओवाले, कॅमेरा दुरुस्त करणारे आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी यांना आपल्या कामाचा एक नमुना नेऊन दाखवावा. यंत्र दुरुस्त करणाऱ्याने यंत्र पाहावे आणि आपण अंग पाहावे, अशी भागीदारी दोघांच्याही फायद्याची ठरेल.